एकतीस आजारी कुंड्या

वर्ग मंगळवारी सकाळी दहाला सुरू व्हायचा आणि ढमी मंगळवारी सकाळी दहालाच झोपायची. बाकीचे सहा दिवस ती दहाला झोपत नसे, पण मंगळवारचं तिला बरोबर कळायचं. त्यामुळे 'नागरिक बाग-सल्लागार' होण्याचं प्रशिक्षण ढमीच्या आईने डाव्या खांद्यावर साडेअकरा किलो झोप घेऊन, उजव्या हाताने टिपणं काढत पूर्ण केलं. पालिकेच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, 'प्रशिक्षणार्थींनी लहान मुले, पाळीव प्राणी व घरगुती खते सोबत आणू नयेत.' पहिल्याच दिवशी उद्यान अधीक्षकांनी आधी पत्रकाकडे पाहिलं, मग ढमीकडे पाहिलं आणि म्हणाले, "खत नाही ना आणलंत? मग बसा."

वर्गात ढमीची आई सोडून अकराजण होते. अकराही निवृत्त, अकराही पुरुष, आणि अकराही जणांना झाडांतलं सगळं आधीपासून येत होतं. ते शिकायला नव्हे, तर अधीक्षक चुकतात कुठे ते बघायला येत. अधीक्षक मात्र हाडाचे उदास गृहस्थ. त्यांना फुलांच्या परागांची अ‍ॅलर्जी होती. तेवीस वर्षं उद्यान खात्यात काढल्यामुळे त्यांचं नाक कायमचं लाल झालं होतं, आणि कार्यालयासमोरची हिरवळ कायमची पिवळी.

"लिहून घ्या," ते रुमालातून म्हणाले, "शंभरातली नव्वद झाडं पाण्याने मरतात. पाणी नसल्याने नव्हे, पाण्याने. माणूस येता-जाता घालतो. प्रेम. झाडाची सगळ्यात मोठी कीड म्हणजे त्याचा मालक."

ढमीच्या आईने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तिच्या घरी एकच झाड होतं. गेल्याच आठवड्यात ते वारलं होतं. रेघा मारताना तिला खुनाची कबुली लिहून दिल्यासारखं वाटलं.

बारा वर्ग झाले की लेखी परीक्षा. ती पास झालं की एक वही मिळायची आणि तीन महिन्यांत त्या वहीत तीस प्रकरणं नोंदवायची. प्रकरण म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी झाड, त्याला दिलेला सल्ला आणि खाली मालकाची सही. तीस सह्या झाल्या की प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचं तिला फारसं काही नव्हतं. भिंतीला लावायला तिच्याकडे मोकळी भिंतच उरली नव्हती, कारण हात पोचेल तिथवर सगळ्या भिंती ढमीने रंगवल्या होत्या. पण सगळ्यात आधी तीस सह्या आणून देणाऱ्याला पालिका वाचनालयाच्या दारापाशी एक टेबल आणि एक खुर्ची देणार होती. दर शनिवारी, दहा ते बारा.

तिला ती खुर्ची हवी होती.

आठवड्यातले दोन तास. पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर कुणी नाही, आणि समोर आलेला माणूस 'ढमी जेवली का?' हे सोडून दुसरं काहीतरी विचारणार. एवढंच. ढमी व्हायच्या आधी सहा वर्षं ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. तिथे दिवसातून चाळीस माणसं तिच्या खिडकीशी येऊन "काय निघालं हो?" असं विचारत आणि तिच्या तोंडाकडे बघत राहत. गेल्या अडीच वर्षांत तिच्या तोंडाकडे बघून कुणी काही विचारलं नव्हतं. विचारत ते सगळं कडेवरच्याबद्दल. ढमीवर तिचा जीव होता, कधी कधी त्या जिवाने तिचाच जीव गुदमरेल इतका होता. पण दुपारी भांडी घासता घासता ती कधी कधी नळाखाली हात धरून उगाच उभी राहायची आणि पाणी वाहून जायचं.

नवरा चांगला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कर ना. पण आपल्या इमारतीत झाडं आहेत कुणाकडे?"

हा प्रश्न त्याने एकदा विचारला तो शेवटचा. पुढे त्याला पलंगावर जायलाही कुंड्यांमधून वाट काढावी लागली.

*

पहिला महिना एकही प्रकरण आलं नाही. झाडं घरोघरी होती, आजारीही होती. पण आजारी झाड कबूल करायला कुणी तयार नव्हतं. जिन्यात भेटलं की प्रत्येकजण उलट तिलाच सल्ला देई. चहाचा चोथा घाल. डोकेदुखीची गोळी पुरून ठेव. पोस्टमनच्या बायकोने सांगितलं, रोज सकाळी झाडाशी दोन शब्द बोलावं. ढमीच्या आईने बोलून पाहिलं; 'कसं काय' नंतर तिला पुढचं काही सुचेना. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बाई (छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, त्यामुळे इमारतीतला प्रत्येकजण त्यांना अजून दुसरीतलाच वाटे) म्हणाल्या, "पुस्तकं वाचून झाडं येत नसतात, मुली. तुझं ते एक होतं त्याचं काय झालं?"

तिने सूचना-फळ्यावर कागद लावायचं ठरवलं. सूचना-फळा म्हणजे सेक्रेटरीसाहेबांचा प्राण. हे गृहस्थ विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते. सगळा जन्म लोकांचे दावे नामंजूर करण्यात गेल्यामुळे 'हो' म्हणताना त्यांच्या जबड्यातून कुरकुर आवाज येई.

"वहिनी, 'आजारी झाडे आणून द्यावीत' असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे इमारतीत आजारी झाडं आहेत असा अर्थ होतो. बाहेरचा माणूस वाचेल. उद्या घर विकायचं म्हटलं तर भाव उतरेल."

"मग काय लिहू?"

त्यांनी विचार केला, तो तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी फळ्यावर कागद लागला : 'ज्यांची झाडे उत्तम आहेत, परंतु अधिक उत्तम व्हावीत अशी इच्छा आहे, त्यांनी संपर्क साधावा.' संपर्क कुणी साधला नाही.

तेव्हा तिला लॅब आठवली.

लॅबमध्ये बाटलीवर नाव नसे, नंबर असे. नावं रजिस्टरमध्ये, रजिस्टर कुलपात. तिच्या मोठ्या मॅडम म्हणत, "बाटलीवर नाव दिसलं की माणूस तपासणीलाच येत नाही." ढमीच्या आईने सेक्रेटरींच्या कागदाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ घातली : 'नाव गुप्त राहील. कुंडी दाराबाहेर ठेवावी, आत नावाची चिठ्ठी टाकावी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडायला गेली तर ते उघडेचना. बाहेर सात कुंड्या होत्या.

चार दिवसांत एकतीस झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही माणसं! एरवी जिन्यात एकमेकांना झाडांच्या गमजा सांगणारी, ती पहाटे चपला हातात घेऊन तिच्या दारात कुंडी ठेवून पळत होती. तिने सगळं अगदी शिस्तीने केलं. चिठ्ठीवरचं नाव वहीत घेतलं, नावापुढे नंबर घातला, कुंडीला नंबराचा स्टिकर लावला आणि चिठ्ठीचे बारीक तुकडे करून टाकले. लॅबचा नियमच होता तसा. झाड कुठलं, कसं दिसतं, हे तिने लिहिलं नाही. नमुन्यापुढे माणूस दिसायला कसा आहे ते कुणी लिहितं का? तिने फक्त दोष लिहिला. क्रमांक एक : पाने पिवळी, माती ओली. क्रमांक दोन : पाने पिवळी, माती ओली. क्रमांक तीनला वेगळा दोष होता, पाने गळालेली, माती ओली.

त्या दिवसांत ती खूश होती, हे सांगायलाच हवं. घरात चिखल, मोरीत कुंड्या, ढमीच्या केसांत माती. आणि ही बाई वही छातीशी धरून गाणं गुणगुणत होती. नवऱ्याने तिला असं कधी पाहिलं होतं ते त्यालाही आठवेना. म्हणून पलंगाखालच्या चार फर्नबद्दल तो काही बोलला नाही.

*

कुंड्या गच्चीवर न्यायला परवानगी लागली. गच्चीवर पाण्याच्या टाकीशिवाय काही ठेवायचं नाही असा ठराव होता. सेक्रेटरी म्हणाले, "वजनाचा प्रश्न आहे. एका कुंडीचं वजन किती?"

"कोरडी की ओली?"

"हे बघा, इथेच दाव्यात खोट निघते," असं म्हणून ते अर्ज घेऊन आत गेले. शेवटी 'तात्पुरती, तीन आठवडे, जबाबदारी सर्वस्वी आपली' अशी मंजुरी मिळाली. एकतीसातल्या एकोणतीस कुंड्या तिने एकटीने चार जिने चढवल्या. नवरा रविवारी मदतीला आला, दोन कुंड्या नेल्या आणि सोमवारी कमरेला पट्टा बांधून कामावर गेला.

गच्चीवर तिने पुस्तिकेबरहुकूम सगळं केलं. झाडं कुंडीतून काढली, कुजलेली मुळं कापली, रोगट फांद्या छाटल्या. पानांवर साबणाचं पाणी शिंपडलं. रिकाम्या कुंड्या घासल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि पुन्हा भरल्या. पुस्तिकेत 'कुंडी निर्जंतुक करावी' असं लिहिलं होतं. 'ज्याची त्याला द्यावी' असं लिहिलेलं नव्हतं. आणि लॅबमध्ये तर धुतलेली बाटली कुणाची हे कुणी विचारतही नाही. जी कुंडी हाताला आली त्यात जे झाड हाताला आलं ते गेलं. काळजी कशाला? नंबराचा स्टिकर तिने प्रत्येक झाडाबरोबर आठवणीने हलवला होता.

स्टिकर स्टेशनरीच्या दुकानातले होते, वह्यांना किंमत लावायचे. लॅबचे नव्हते. लॅबचे उकळत्या पाण्यातही निघत नाहीत.

बुधवारी अकराच्या सुमाराला ती टाकीच्या सावलीत मूळकूज हा धडा वाचत होती. ढमी शांत होती. लहान मूल शांत आहे याचा अर्थ जगातल्या प्रत्येक आईला ठाऊक असतो. पण तीन महिन्यांत पहिल्यांदाच ओळीने दीड पान वाचून होत होतं, आणि माणूस मोहाला बळी पडतो. तिने मान वर केली तेव्हा ढमी समोर उभी होती. फ्रॉक वर केलेला, पोट पुढे काढलेलं. पोटावर क्रमांक चार, नऊ, सतरा, बावीस. गुडघ्यांवर एकेक. कपाळावर एकतीस. बाकीचे टाकीवर, भिंतीवर आणि एक जिभेवर.

"मी पण आजाली," ढमी म्हणाली. "मला पण बघ."

ढमीची आई रागावणार होती. तिने तोंड उघडलंही. मग ती मटकन खाली बसली, पोरीला जवळ ओढलं आणि एकेक नंबर हलक्या हाताने सोडवत तिचं पोट, गुडघे, कपाळ सगळं नीट तपासलं. "काही झालेलं नाही," ती म्हणाली. "माती ओली नाही, पानं पिवळी नाहीत." ढमीचं समाधान झालं. ती साबणाच्या बादलीकडे गेली.

मग आईने समोर पाहिलं. एकतीस झाडं, एकजात छाटलेली, एकमेकांच्या कुंड्यांत उभी. हातातल्या वहीत एकतीस नावं. आणि मधला दुवा ढमीच्या आंघोळीबरोबर वाहून जाणार होता.

*

रविवारी सकाळी गच्चीवर ओळखपरेड ठेवण्यात आली. सेक्रेटरींनी अध्यक्षस्थान आपणहून स्वीकारलं. पहिल्याच मिनिटाला त्यांनी "उपस्थितांची खात्री करून घेऊ" असं म्हणत तिच्या हातातली वही घेतली आणि गुप्त नावं मोठ्याने वाचून काढली. प्रत्येक नावाला गच्चीवर एक 'अय्या' उमटत गेला.

"तुम्ही? तुम्ही तर म्हणाला होतात तुमचा गुलाब ऐकतच नाही म्हणून!"

"ऐकतच नव्हता. म्हणून तर दिला."

एकतीसांतली नऊ झाडं बरी झाली होती. बरी म्हणजे चांगलीच. एका क्रोटनला तर लाल-पिवळी अशी पानं फुटली होती की बघत राहावं. उरलेली बावीस... पुस्तिकेच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी उपचारांना प्रतिसाद दिला नव्हता. काड्या होत्या. काही ठिकाणी काडीचीही खात्री देता येत नव्हती.

"ओळखा आपापली," सेक्रेटरी म्हणाले.

सगळ्यांनी ओळखली. सगळ्यांनी तीच नऊ ओळखली. एकट्या क्रोटनला चार मालक निघाले. पोस्टमनची बायको म्हणाली, "हा माझा, मी त्याच्याशी रोज बोलते." पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मग आत्ता बोल. ओळख दाखवली तर तुझा." बिचारी क्रोटनपुढे वाकली, दोन शब्द पुटपुटली आणि सगळ्यांसमोर तिला रडूच आलं. क्रोटन काही बोलला नाही. बाईंनी तो उचलून छातीशी धरला. बाईंनी दुसरीच्या वर्गातून एखादी वस्तू जप्त केली की ती परत मिळाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

त्यात कुंड्यांचा घोळ. "झाड माझं नाही, पण कुंडी माझी आहे." "मग कुंडी घ्या आणि माझं झाड ठेवा." "कशात ठेवू? तुमच्या झाडाची कुंडी त्यांच्याकडे आहे." एका कुंडीवरून दोन कुटुंबांनी, जी आजवर एकमेकांकडे वर्तमानपत्र वाचायला पाठवत असत, ती देवाणघेवाण कायमची बंद केली.

ढमीच्या आईने बावीस काड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही?"

सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी मान फिरवली.

"माझं असं नव्हतं," कुणीतरी म्हणालं.

"मी दिलं तेव्हा जिवंत होतं."

"यातलं माझं असूच शकत नाही."

वहीत बावीस नावं होती, ती माणसं तिच्यासमोर उभी होती, आणि बावीस झाडं तिथेच पायाशी होती. तरी कुणाचं काहीच नव्हतं. लॅबमध्ये रिपोर्ट वाईट आला की नातेवाईक असेच म्हणायचे, 'बाटली बदलली असेल.' तेव्हा तिला त्यांचा राग यायचा. आज आला नाही. फक्त पाय दुखायला लागले.

नऊ सह्या झाल्या. त्यातल्या एका सहीखाली 'तक्रार राखून' असं लिहिलेलं होतं.

*

मंगळवार हा वही द्यायचा शेवटचा दिवस. अधीक्षकांनी नाक पुसलं आणि वही उघडली.

"नऊ."

"हो."

"तीस हवेत, ताई."

"बावीसजणांनी झाडं सोडून दिली आहेत. मी उपचार केले, सल्ला दिला असता... पण मालकच म्हणतात आमचं नाही."

"मालकाशिवाय सही कोण करणार?"

"मालक नाही म्हणजे ती माझी झाली ना? मी सही करते."

अधीक्षकांनी खिन्नपणे पुस्तिका उघडून तिच्यापुढे सरकवली. नियम अकरा. 'स्वतःच्या झाडास दिलेला सल्ला समाजसेवा म्हणून ग्राह्य धरला जाणार नाही.' तिने तो दोनदा वाचला. नियम तसा बरोबर होता. कुणाही आईने वाचला असता तर तिला पटला असता.

"मग खुर्ची?"

"ती गेली." वर्गातल्या टोपीवाल्या आजोबांनी पंधरा दिवसांपूर्वीच तीस सह्या आणून दिल्या होत्या. पत्नी, तीन मुलगे, तीन सुना, जावई आणि अशी बावीस नातवंडं-पतवंडं, सगळे एकाच शेवंतीचे भागीदार. "मोठं कुटुंब आहे," अधीक्षक म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नऊ खरंच वाचली?"

"खरंच."

"एकतीसात नऊ." ते खिडकीतून त्या पिवळ्या हिरवळीकडे बघत राहिले. "माझी इतकी कधी वाचली नाहीत," असं म्हणून त्यांना जी शिंकांची उबळ आली ती थांबेचना. शेवटी ढमीने हात हलवून त्यांना टाटा केला आणि दोघी निघाल्या. वाटेत वाचनालय लागतं. दारापाशी टेबल मांडलेलं होतं. त्या दिवशी शनिवार नसल्यामुळे खुर्ची रिकामीच होती. ढमी त्या खुर्चीवर चढायला लागली, तेव्हा तिच्या आईने तिला कडेवर घेतलं आणि जरा भराभरच चालू लागली.

घरी आल्यावर नवऱ्याने तोंडाकडे बघूनच काय ते ओळखलं. चहा करून दिला. त्यात साखर घालायला विसरला, आणि तिनेही तो तसाच पिऊन टाकला.

*

सेक्रेटरींच्या मंजुरीतले तीन आठवडे शुक्रवारी संपत होते. गुरुवारी दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झाली असताना, ढमीची आई काड्या उपटून माती पोत्यात भरायला गच्चीवर गेली. जिन्यावर पावलं वाजली. एका पायरीवर दोनदा थांबत, धापा टाकत पहिल्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. हातात तोच क्रोटन.

"हा ठेव," त्या म्हणाल्या. "हा माझा नव्हे."

ढमीच्या आईने हातातलं पोतं खाली ठेवलं.

"पोस्टमनच्या घरचा असणार. त्या दिवशी ती उगाच रडली नाही. माझ्या हाताने देणार नाही मी, तू दे. म्हणावं, बाटली बदलली होती, की काय ते तुमच्या लॅबमध्ये म्हणतात." बाईंनी क्रोटन कठड्याशी ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि ओळीतल्या शेवटून तिसऱ्या कुंडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. अजिबात शोधावं लागलं नाही. "माझं हे."

"तुम्हाला कसं...?"

"खोडाला वळसा आहे बघ. माझ्या खिडकीच्या गजाला टेकून वाढलं ते. नऊ वर्षं रोज बघते, मला नाही कळणार? त्या दिवशीही कळलं होतं." त्यांनी कुंडीच्या काठावरची माती बोटाने पुसली. "छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, खोटं बोलू नका. आणि चारचौघांत म्हणवलं नाही गं मला, की हे असं झालेलं माझं आहे."

ते लिंबाचं होतं. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षीच्या वर्गाने डब्यातल्या लिंबाची बी कुंडीत लावून दिली होती. नऊ वर्षांत त्याला एक लिंबू लागलं नाही. बाईंना त्याचं काही नव्हतं. दुसरीतल्या पोरांकडून लगेच फळाची अपेक्षा करायची नसते, असं त्या म्हणत.

"सगळे म्हणतात, फुटेल. सेक्रेटरी या सगळ्याच काड्यांना बघून म्हणतो फुटेल, माझी बहीण फोनवर म्हणते फुटेल. तिने तर बघितलंही नाही." बाईंनी थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तू शिकली आहेस ना? खरं सांग. काय निघालं?"

ढमीची आई खाली बसली. नखाने तिने शेंड्याजवळची साल खरवडली. तपकिरी. वीतभर खाली खरवडली. तपकिरी. वळशापाशी, मग अगदी मातीला टेकून, जिथे थोडासा तरी हिरवा धागा असावा असं दोघींनाही वाटत होतं तिथे, तिने फार हळू खरवडलं. बाई वाकून बघत होत्या.

'फुटेल' म्हणणं किती सोपं होतं.

"गेलंय, बाई," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांपूर्वी गेलंय. माझ्याकडे यायच्या आधीच. मुळं कुजली होती."

"पाणी?"

"हो."

"रोज घालायची मी. सकाळी आणि संध्याकाळी." बाई सावकाश कठड्यावर टेकल्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गाकडे बघावं तसं त्यांनी त्या काडीकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "रोज उठून त्याच्याकडे आशेने बघायचं म्हणजे... दमायला होतं गं."

"हो," ढमीची आई म्हणाली.

मग ढमीच्या आईने हात पुढे केला. काडी उपटताना फारसा जोर लावावा लागला नाही, तिचं हात लावल्या लावल्या निघणंच वाईट होतं. बाईंनी ती मातीसकट पदरात घेतली. कुंडीकडे पाहिलं.

"आता यात काय लावू?"

ढमीच्या आईने तोंड उघडलं. पुस्तिकेत त्याची यादी होती, पान चव्वेचाळीस, ऊन कमी, ऊन मध्यम, ऊन भरपूर. तिला ती तोंडपाठ होती. बाई तिच्याकडे बघत वाट पाहत होत्या. खरोखर वाट पाहत होत्या, घाई न करता.

"आत्ताच काही लावू नका," ती म्हणाली. "थोडे दिवस रिकामी राहू दे."

"किती दिवस?"

"वाटेल तेवढे."

बाईंनी मान हलवली, वर्गात एखाद्या मुलाने फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं की हलवावी तशी, एकदाच. कठड्यावर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली. ढमीची आई मातीचे हात तसेच मांडीवर ठेवून तिथे बसली. तेवढ्यात टाकीमागून ढमी आली. हातात काठोकाठ भरलेला मग, दर पावलाला थोडा सांडत. तिने तो नेऊन त्या रिकाम्या कुंडीत ओतला आणि आणखी आणायला वळली.

दोघींपैकी कुणीच तिला अडवलं नाही.